एकाच्या अलीकडे, एकाच्या पलीकडे

मुंबई, १७ डिसेंबर १९०५. प्लेगचा हंगाम सुरू होतोय. आजपासून आठवडे मोजायला लागा आणि एका ओळीच्या सूत्रात आठवड्याचा आकडा घालत चला. शून्य घातला की उत्तर येतं ४. पाचवा आठवडा घातला की २९. दहावा घातला की १९२. आणि सतरावा घातला की ८९०! ही उत्तरं म्हणजे त्या त्या आठवड्यात मुंबई बेटावर प्लेगनं गेलेल्या माणसांचा ढोबळ आकडा. ८९० म्हणजे दिवसाला १२७, म्हणजे दर अकरा मिनिटांनी एक. तिथून रेषा जशी चढली तशीच उतरते. तिसावा आठवडा घाला, उत्तर १९. सगळे आठवडे मिळवा, बेरीज ८,९०० च्या आसपास. एका शहराचं सात महिन्यांचं दुःख, आणि ते मावलंय पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात लिहिता येईल एवढ्या सूत्रात!

हे सूत्र १९२७ साली एडिंबरोत दोघांनी मांडलं. एक विल्यम केरमॅक, रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्याची दृष्टी गेली होती, तेव्हा वय अवघं सव्वीस. दुसरा अँडरसन मॅकेंड्रिक, हिंदुस्थानात अनेक वर्षं वैद्यकीय सेवेत काढलेला, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये राहिलेला डॉक्टर. त्यांनी गावाचे तीन कप्पे केले: लागण होऊ शकेल अशी माणसं, लागण झालेली माणसं, आणि बरी झालेली किंवा दगावलेली माणसं. पहिल्या कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, एवढीच वाटचाल. उंदीर आणि पिसवा त्या हिशेबाबाहेरच राहिल्या, तरी रेषा मुंबईच्या नोंदींना जाऊन बिलगली. आज जगात कुठेही साथीचं गणित शिकवायला घेतलं, की फळ्यावर पहिल्यांदा हे तीन कप्पे येतात, आणि त्यांच्या मुळाशी आपली मुंबई असते.

पण या तीन कप्प्यांत सावित्रीबाई फुले कुठे बसतात, ते सांगा. हाच प्लेग १८९६ साली मुंबईत उतरला, तिथून पुण्यात आला. मुलगा डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना काढला, सावित्रीबाई स्वतः रुग्ण आणायला बाहेर पडल्या, आणि १० मार्च १८९७ ला त्याच प्लेगनं गेल्या. सूत्राच्या लेखी त्या पहिल्या कप्प्यातल्या एक. दार लावून घरात बसलेला माणूस आणि रुग्णाला उचलून आणणारी बाई, दोघांचं वजन सारखंच. रुग्ण आणि सेवा करणारा यांच्यामधलं अंतर शून्य असतं, ही गोष्ट त्या सूत्राला माहीतच नव्हती. पुढच्या शंभर वर्षांत गणितानं ती हळूहळू शिकून घेतली, आणि शिकता शिकता असे काही आकडे बाहेर काढले की वाचणाऱ्याचे डोळे फिरावेत.

आधी एक आकडा मनात पक्का करून घेऊ. एका रुग्णापासून सरासरी किती जणांना लागण होते, तो हा आकडा. सगळा खेळ हा आकडा एकाच्या वर आहे की खाली, यावर चालतो. वर म्हणजे किती वर? रुपयांत मोजून पाहू. शंभर रुपये घ्या. प्रत्येक पायरीला त्यांना १.१ ने गुणा. पायऱ्या शंभर. हातात येतात १३ लाख ७८ हजार रुपये! आता तेच शंभर रुपये घ्या आणि १.१ ऐवजी ०.९ ने गुणत जा. शंभराव्या पायरीला उरतो पाव पैसा. एकाच्या या बाजूला दशांश, त्या बाजूला दशांश, मधलं अंतर केवढं दिसतं? नखाएवढं. शेवटी एका माणसाच्या हातात घर बांधण्याचे पैसे आणि दुसऱ्याच्या हातात शेंगदाणाही येणार नाही!

गोवराचा आकडा बारा ते अठरा सांगतात. पंधरा धरा, आणि लस घेतलेलं कुणीच नाही असं कागदापुरतं समजा. एकापासून पंधरा, पंधरांपासून २२५, मग ३,३७५, मग ५० हजार ६२५, मग साडेसात लाखांच्या वर, मग १ कोटी १४ लाख, आणि सातव्या पायरीला १७ कोटी. २०११ च्या जनगणनेत सगळा महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा होता. एक पायरी चढायला गोवराला बारा-एक दिवस लागतात. सात पायऱ्या म्हणजे तीन महिनेसुद्धा नाहीत, आणि महाराष्ट्र संपून कागद मोकळाच!

आता सेवा करणाऱ्या हातांकडे येऊ. त्यासाठी आणखी एक माणूस भेटायला हवा, आणि तो आपल्याकडचाच. रोनाल्ड रॉस, जन्म अल्मोड्याचा. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत त्यानं डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला, १९०२ साली नोबेल मिळवलं, आणि नंतर डासांचं गणित मांडत बसला. त्या गणितातली खरी गंमत अशी की डासाचं चावणं दोनदा मोजावं लागतं. आजारी माणसाला चावून त्यानं जंतू उचलायचा, मग धडधाकट माणसाला चावून तो सोडायचा. म्हणून चावे निम्मे केले की मलेरियाचा जोर निम्मा होत नाही, थेट चौथाईवर येतो. चावे दहाव्या हिश्शावर आणले की साथीचा जोर शंभराव्या हिश्शावर! रॉस १९०१ साली सिएरा लिओनच्या मोहिमेवर गेला तेव्हा बोटीवर त्याच्याबरोबर एक तरुण डॉक्टर होता. तो कोण? मॅकेंड्रिक! मुंबईच्या प्लेगचं सूत्र मांडणारा तोच. सिएरा लिओन हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९९ साली काही संशोधकांनी शिकागोतल्या एका रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग अभ्यासाला घेतला. तिथे एक चिवट जंतू ठाण मांडून होता, व्हँकोमायसिनसारख्या औषधालाही न जुमानणारा. या लोकांनी काय केलं, तर रॉसचं डासांचं समीकरण उचललं, माणसांच्या जागी रुग्ण ठेवले आणि डासांच्या जागी डॉक्टर आणि नर्सेस. आणि गणित चाललं! कारण हिशेब तोच आहे. एका खाटेशी हात लागला, जंतू उचलला. दुसऱ्या खाटेशी हात लागला, जंतू उतरला. ज्यांनी रुग्ण वाचवायचे त्यांचेच हात या समीकरणात डासाच्या जागी बसले. वाचताना मन कचरतं, पण या जागी बसवल्यामुळेच त्या हातांचं मोल समीकरणात मोजता आलं.

हात म्हणजे तरी किती जंतू? रुग्णालयात काम करणाऱ्यांच्या हातांवर केलेल्या मोजण्यांत दर चौरस सेंटिमीटरला ३९ हजारांपासून ४६ लाखांपर्यंत जिवाणू सापडले आहेत. यातले बहुतेक निरुपद्रवी. पण ४६ लाख! एक चौरस सेंटिमीटर म्हणजे करंगळीचं नख. २०११ साली पुणे महापालिकेची लोकसंख्या होती ३१ लाख. म्हणजे एका नखाएवढ्या जागेत दीड पुणं! बोटांसकट दोन्ही तळवे पसरले की साधारण ३३० चौरस सेंटिमीटर होतात. गुणाकार करा: दीडशे कोटी. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जितकी माणसं नाहीत, तितके जीव दोन तळव्यांवर.

ही गोष्ट जंतूंचा पत्ता लागण्याआधी एका माणसानं नुसत्या आकड्यांतून हेरली होती. व्हिएन्नाचं मोठं रुग्णालय, साल १८४६. बाळंतिणींचे दोन विभाग. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणं आणि ४५९ मृत्यू. दुसऱ्यात ३,७५४ बाळंतपणं आणि १०५ मृत्यू. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरला कळलं की विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येतात. एप्रिल १८४७ मध्ये पहिल्या विभागात शंभरांतल्या १८ बाया दगावल्या. मे महिन्यात त्यानं क्लोरिनच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. जूनमध्ये शंभरांत २. जुलैमध्ये १. पुढच्या वर्षी तर दोन महिने असे गेले की एकही बाळंतीण गेली नाही. औषध बदललं नाही, डॉक्टर बदलले नाहीत, इमारत बदलली नाही. एका पातेल्यातलं पाणी बदललं!

मग आता हात धुणं किती झालं पाहिजे, याचा हिशेब मांडू. अतिदक्षता विभागात नर्सला तासाला वीसेक वेळा हात स्वच्छ करण्याची गरज पडते असं निरीक्षणांत दिसलंय. आठ तासांची पाळी, म्हणजे १६० वेळा. साबण आणि पाण्यानं नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. एक मिनिट धरलं तर १६० मिनिटं, म्हणजे २ तास ४० मिनिटं. मुंबईहून डेक्कन क्वीननं निघाला असता तर एवढ्या वेळात लोणावळा मागे टाकून पुण्याच्या वाटेला लागला असता! आठ तासांच्या पाळीचा बरोबर तिसरा हिस्सा नळापाशी. उरलेल्या दोन हिश्शांत सलाइन लावा, औषधं द्या, नोंदी करा, नातेवाइकांना उत्तरं द्या. कोण करू शकेल? म्हणूनच, खास मोहीम घेतली नाही तर जगभरातल्या रुग्णालयांत शंभर वेळांपैकी साधारण चाळीस वेळाच हात धुतले जातात. याचा दोष नर्सच्या माथी मारणं म्हणजे घड्याळ न वाचता माणसावर रागावणं.

वीस खाटांचा एक विभाग घ्या, दोन खाटांमागे एक नर्स, म्हणजे कुठल्याही क्षणी दहा जणी कामावर. दिवसाला ४,८०० वेळा हात धुण्याची गरज. वर्षाला १७ लाख ५२ हजार. त्यातली साठ टक्के चुकली तर चुकलेले हात साडेदहा लाख! म्हणजे दर तीस सेकंदांना एक, रात्रंदिवस, दिवाळीलासुद्धा. आणि हा फक्त वीस खाटांचा एक विभाग.

समजा, सगळ्या वेळा धुतले. पाणी किती लागेल? एका वेळेला काटकसरीनं एक लिटर धरू. साडेसतरा लाख लिटर! आपल्याकडची शेतातली विहीर घ्या, वीस फूट रुंद, तेहतीस फूट पाणी. तिच्यात मावतं २ लाख ९० हजार लिटर. म्हणजे वीस खाटांच्या हातांसाठी वर्षाला काठोकाठ भरलेल्या सहा विहिरी. आता साबण बाजूला ठेवा आणि खाटेशीच अल्कोहोलच्या द्रवाची बाटली अडकवा. एका वेळेला तीन मिलिलिटर, चोळायला वीस सेकंद. वर्षाचा द्रव किती? ५,२५६ लिटर. सहा विहिरी बाजूला झाल्या आणि दहा हजार लिटरच्या टँकरचा अर्धा भाग पुरला! वेळही २ तास ४० मिनिटांवरून ५३ मिनिटांवर. आणि पैसे? मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारनं सॅनिटायझरच्या २०० मिलिलिटर बाटलीची कमाल किंमत १०० रुपये ठरवली होती. त्या भावानं तीन मिलिलिटरचा दीड रुपया. काडेपेटीसुद्धा २०२१ साली दोन रुपयांना झाली.

त्या दीड रुपयानं काय होतं? शिकागोच्या त्या विभागात, काहीच उपाय केले नसते तर एका रुग्णापासून ३.८ च्या आसपास रुग्णांना तो जंतू गेला असता. तीन पायऱ्यांत ५५, पाच पायऱ्यांत जवळजवळ ८००. कुठला विभाग एवढा मोठा असतो? हात स्वच्छ ठेवणं आणि प्रत्येक नर्सला ठरावीक रुग्णच देणं, या दोन मुख्य गोष्टींनी तो आकडा आला ०.७ च्या आसपास. एकाच्या खाली! आता एका रुग्णाची सगळी साखळी, तो स्वतः धरून, तीन-सव्वातीन जणांवर विरते. बाहेरून जंतू घेऊन येणारे रुग्ण भरती होतच राहिले, म्हणून जंतू पुरता गेला नाही, पण पसरण्याचं त्याचं बळ तुटलं.

ठरावीक नर्सला ठरावीक रुग्ण, हे एवढं का महत्त्वाचं? वीस खाटा आहेत. एका नर्सकडे दोन. तिच्या हातून जंतूला जायच्या वाटा किती? पहिल्याकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून पहिल्याकडे, दोन. आता असा एक कर्मचारी घ्या जो वीसच्या वीस खाटांशी जातो. फिजिओथेरपिस्ट म्हणा, एक्स-रे काढणारा म्हणा, राउंड घेणारे मोठे डॉक्टर म्हणा. त्याच्या हातून जायच्या वाटा वीस गुणिले एकोणीस, ३८०! एकशे नव्वद पट. २००९ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी संगणकात अख्खा वॉर्ड उभा करून पाहिलं, तेव्हा हेच दिसलं की सगळीकडे फिरणाऱ्या एका माणसानं हात धुतले नाहीत तर होणारं नुकसान एका जागी काम करणाऱ्याच्या चुकीहून कितीतरी मोठं असतं. मला वाटतं, हा आकडा प्रत्येक रुग्णालयात राउंड सुरू होतो त्या दारावर मोठ्या अक्षरांत लावायला हवा.

कागदावरचं खरं उतरतं का, असं कुणी विचारील. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९४ ते १९९७ या काळात हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं. रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गांचं प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ वर आलं. हजार रुग्णांमागे १६९ होते, ९९ झाले. सत्तर माणसं वाचली संसर्गातून. रेल्वेच्या जुन्या निळ्या शयनयान डब्यात बर्थ असतात ७२. दर हजार रुग्णांमागे जवळजवळ भरलेला एक डबा!

हा डबा आता आपलं माप. बहात्तर बर्थ, लांबी सव्वाबावीस मीटर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत रुग्णालयात दाखल शंभरांतल्या पंधरांना तिथेच नवा संसर्ग लागतो. म्हणजे प्रत्येक डब्यातले अकरा प्रवासी. आणि असा संसर्ग झालेल्या दहांतला एक दगावतो. म्हणजे प्रत्येक डब्यातून एक.

इथवर जंतू हातांवरून जात होता आणि हात सुखरूप होते. पण ज्या साथीत हातवाल्यालाच आजार होतो, तिथे काय? २००३, सार्स. चीनमधल्या ग्वांगझूचा एक डॉक्टर, स्वतः रुग्ण तपासलेला, फेब्रुवारीत हाँगकाँगच्या एका हॉटेलात नवव्या मजल्यावर उतरला. तिथून साखळ्या व्हिएतनाम, सिंगापूर, कॅनडात पोचल्या. जगात एकूण रुग्ण ८,०९६. त्यातले निम्मे तरी त्या एका मुक्कामाशी जोडता आले. हाँगकाँगच्या एका रुग्णालयात एका रुग्णापासून शंभराहून अधिक लोकांना लागण झाली, त्यात डॉक्टर, नर्सेस आणि विद्यार्थी भरपूर. ८,०९६ रुग्णांत आरोग्य कर्मचारी १,७०६. बर्थवर बसवा: २४ डब्यांची अख्खी गाडी, इंजिनापासून गार्डापर्यंत, आणि जवळजवळ प्रत्येक बर्थवर आजारी पडलेला डॉक्टर, नर्स किंवा वॉर्डबॉय.

आणि आता सिएरा लिओन. रॉस आणि मॅकेंड्रिक जिथे उतरले होते त्या देशात, शेजारच्या गिनी आणि लायबेरियात, २०१४ साली इबोला पेटला. एका रुग्णापासून दीड-दोन जणांना लागण, गोवराच्या मानानं काहीच नाही. पण लायबेरियात रुग्ण दर पंधरा-वीस दिवसांनी दुप्पट होत होते. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं हिशेब मांडला: काहीच बदललं नाही, तर २० जानेवारी २०१५ पर्यंत लायबेरिया आणि सिएरा लिओन मिळून, न नोंदलेले धरून, १४ लाख रुग्ण! चौदा लाख आपल्या डब्यांत बसवा. १९ हजार ४४४ डबे. एकामागे एक जोडले तर मुंबईहून पुणे, पुण्याहून परत मुंबई, आणि तिथून पुन्हा निघून डोंबिवली! त्याच हिशेबात सुटकाही लिहिलेली होती. शंभरांतले सत्तर रुग्ण उपचार केंद्रात किंवा सुरक्षित देखभालीत आणा, साथ उतरेल. उशीर करू नका, कारण तीस दिवसांचा उशीर म्हणजे ऐन भराच्या वेळचे रोजचे रुग्ण तिप्पट.

प्रत्यक्षात काय झालं? साथ संपेपर्यंत तिन्ही देश मिळून रुग्ण २८ हजार ६००. डबे ३९७. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून दादर! डोंबिवलीपर्यंतची तिसरी फेरी राहू द्या, गाडी दादरच्या पुढे सरकली नाही. गणित चुकलं म्हणून काहींनी बोटं मोडली. मला ते पटत नाही. काहीच बदललं नाही तर, हे त्या हिशेबाचं पहिलं वाक्य होतं, आणि बरंच बदललं. खाटा उभ्या राहिल्या, अंत्यविधीच्या पद्धती बदलल्या, लोक सावध झाले, जगभरातून माणसं आणि पैसा गेला. सुरुवातीच्या वेगावर बांधलेला आकडा मोठा आला हेही खरंच. पण तो भीतिदायक आकडा समोर होता म्हणून हालचाल झाली, याला मी गणिताचं यश म्हणतो.

दादरपर्यंतच्या त्या गाडीत मात्र एक गोष्ट पाहून पोटात खड्डा पडतो. लायबेरियात साथीआधी पन्नासेक डॉक्टर होते, लोकसंख्या ४३ लाख. एका डॉक्टरमागे ८६ हजार माणसं, म्हणजे अडीच वेळा भरलेलं वानखेडे! आणि साथीत? सर्वसामान्य लोकांत इबोलानं गेलेल्यांचं प्रमाण ०.११ टक्के, म्हणजे साडेबारा डबे चालून जावेत तेव्हा एक माणूस. डॉक्टर, नर्सेस आणि सुइणींत ८ टक्के, म्हणजे प्रत्येक डब्यातून जवळजवळ सहा! तिन्ही देशांत नोंद झालेले आजारी आरोग्य कर्मचारी ८८१, दगावलेले ५१३. सामान्य प्रौढापेक्षा त्यांना लागण होण्याचा धोका २१ ते ३२ पट.

संशोधकांनी गणित पुढे चालवलं. हे डॉक्टर आणि या सुइणी गेल्या, त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या, तर बाळंतिणींचं काय? उत्तर आलं: लायबेरियात बाळंतपणातले मृत्यू १११ टक्क्यांनी वाढू शकतात, दुपटीहून जास्त. तिन्ही देशांत मिळून वर्षाला ४ हजारांच्या वर जास्तीच्या आया दगावू शकतात. या आयांना इबोला झालेला नसणार, साथ संपल्यावरही त्या जात राहणार. एक सुईण गेली की तिच्यामागे किती घरं उघडी पडतात, याचा हा हिशेब. १९२७ च्या तीन कप्प्यांना जे दिसलं नव्हतं ते इथे आकड्यात आलं: सगळी माणसं समीकरणात एका वजनाची नसतात.

आणि मग कोविड. जानेवारी २०२० ते मे २०२१. जगातल्या साडेतेरा कोटी आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी किती गेले, याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज ८० हजार ते १ लाख ८० हजार, मधला आकडा १ लाख १५ हजार ५००. सतरा महिने. रोज २२३. रोज तीन भरलेले डबे, रविवारी तीन, सणाला तीन, दर साडेसहा मिनिटांना एक माणूस. साडेतीन वानखेडे. सगळे डबे रुळावर लावा: १,६०४. पहिला डबा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला. भायखळा गेलं, दादर गेलं, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड गेलं, ठाणं गेलं, आणि शेवटचा डबा कळव्याला उभा. प्रत्येक बर्थवर कुणी सिस्टर, कुणी डॉक्टर, कुणी वॉर्डबॉय, कुणी आयाबाई, कुणी रुग्णवाहिकेचा चालक.

म्हणून ज्यांच्या सहीनं रुग्णालयाची खरेदी होते त्यांच्याकडे माझं मागणं आहे: प्रत्येक खाटेला द्रवाची बाटली आणि प्रत्येक पाळीला पुरेशा नर्सेस, साथ येण्याच्या आधी. हातमोजे, मास्क आणि अंगरखे गोदामात, साथ येण्याच्या आधी. आणि तुम्हाला, वाचणाऱ्यांना: आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा खाटेजवळ जाण्याआधी वीस सेकंद हात चोळा, निघताना पुन्हा चोळा. सिस्टर हात चोळत थांबली असेल तर तिला घाई करू नका. खाटेशी बाटली रिकामी दिसली, तर ती भरून ठेवायला सांगा, त्याच दिवशी.